पायांची आग, नॉर्मल रिपोर्ट आणि सोडियम चॅनेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही तळपायांची आग होते, संध्याकाळनंतर वाढते, रात्री अंगावरची चादरसुद्धा पायाला सहन होत नाही. शुगर, एमआरआय, नसांची एनसीव्ही तपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, घरचे म्हणतात मनाचं आहे. अशात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डॉ. स्टीफन वॅक्समन यांच्या संशोधनाबद्दल तुमच्या वाचनात आलं. आता तुम्हाला विचारायचंय की हे आयन चॅनेल म्हणजे नेमकं काय, तुमच्यातही तसाच जनुकीय दोष असेल का, आणि एवढं सगळं कळलं असेल तर त्यावर गोळी का निघाली नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं वेदनेचं क्लिनिक चालवतो. सगळ्यात आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल असतानाही वेदना शंभर टक्के खरी असू शकते. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. वॅक्समन आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी ते मिलिव्होल्टमध्ये मोजून दाखवलंय. माझ्या मते त्यांच्या कामाचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे, गोळी येवो वा न येवो.

चॅनेल तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. दाढ काढताना डॉक्टरांनी जागा बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं असेल. 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं हे औषध आजही आमच्या हाताशी रोज असतं. ते मेंदूला गुंगी आणत नाही, जखमही बरी करत नाही. ते फक्त नसेच्या पेशीच्या आवरणातले सोडियम चॅनेल बंद करतं. हे चॅनेल म्हणजे प्रथिनाची बारीक दारं. नस शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 60-70 मिलिव्होल्टने ऋण असते. चटका बसला, सुई टोचली की हा फरक थोडा कमी होतो, दारं उघडतात, सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात आणि विजेची एक लाट नसेतून मणक्याकडे निघते. एक-दोन मिलिसेकंदांत दारं आपोआप मिटतात. ही लाट निघालीच नाही, तर मेंदूला काही कळायचा प्रश्नच येत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नसेवर प्रयोग करून ही यंत्रणा गणितासकट मांडली होती.

दाढेला पू झाला असेल तर हेच इंजेक्शन नीट लागत नाही, हा अनुभव खूप जणांना असतो. त्याचं कारणही चॅनेलपाशीच आहे. लिग्नोकेन चॅनेलला आतल्या बाजूने चिकटतं. आत जायला त्याला पेशीचं आवरण ओलांडावं लागतं आणि ते फक्त विद्युतभार नसलेल्या रेणूंनाच जमतं. पू झालेला भाग आम्लधर्मी असतो, तिथे बहुतेक रेणूंवर भार चढतो आणि ते बाहेरच अडकतात. रुग्णाला वाटतं डॉक्टरचा हात बरोबर नाही, डॉक्टरला वाटतं रुग्ण घाबरट आहे. खरं तर दोघांचाही दोष नसतो.

आपल्या शरीरात अशा सोडियम चॅनेलचे नऊ प्रकार आहेत, त्यांना 1.1 ते 1.9 असे क्रमांक दिलेले आहेत. हृदयाचा मुख्यतः 1.5, हालचालीच्या स्नायूंचा 1.4, मेंदूत 1.1, 1.2 आणि 1.6. वेदना वाहणाऱ्या बारीक नसांमध्ये 1.7, 1.8 आणि 1.9 यांचं राज्य असतं. यातला 1.7, म्हणजे शास्त्रीय भाषेत नॅव्ह 1.7, हा वॅक्समन यांच्या कामाचा गाभा आहे. त्याचं जनुक एससीएन 9 ए. आलेला इशारा अगदी क्षीण असला, तरी तो वाढवून नसेला उंबरठ्यापर्यंत आणायचं काम हा करतो. उंबरठा ओलांडल्यावरची मोठी लाट बरीचशी 1.8 उभी करतो. ही कामाची वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो आजार. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी 1878 मध्ये एरिथ्रोमेलाल्जियाचं सविस्तर वर्णन केलं. हातपाय लालबुंद होतात, गरम होतात, आग आग होते. मोजे घातले, थोडं चाललं, उकाडा वाढला की झटका येतो. गारव्याने उतरतो. सव्वाशे वर्षं कारण माहीत नव्हतं. 2004 मध्ये चीनमधल्या संशोधकांना या आजाराच्या रुग्णांमध्ये एससीएन 9 ए जनुकात बदल सापडले. जनुकात बदल सापडला म्हणजे कोडं सुटलं असं मात्र होत नाही. त्या बदलाने दारात नेमकं काय बिघडतं हे पेशीत मोजावं लागतं, आणि ते त्याच वर्षी येलच्या गटाने केलं. थिओडोर कमिन्स, सुलेमान डिब-हज आणि वॅक्समन ही त्यातली मुख्य नावं. वेस्ट हेवनला माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या आवारात त्यांचं संशोधन केंद्र आहे.

हे मोजतात कसं ते पाहण्यासारखं आहे. काचेची नळी तापवून ओढतात, तिचं टोक साधारण एक मायक्रॉनचं, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक एका पेशीला टेकवायचं आणि नळीतून हलकेच हवा ओढायची, की आवरण काचेला घट्ट चिकटतं. मग पेशीचा व्होल्टेज आपण म्हणू तिथे स्थिर ठेवता येतो आणि चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह पडद्यावर खाली झेपावून पुन्हा वर येताना दिसतो. या पॅच क्लॅम्प तंत्रासाठी नेहर आणि साकमन यांना 1991 चं नोबेल मिळालं. कमिन्स यांनी निरोगी चॅनेल आणि रुग्णातला चॅनेल यांची अशीच तुलना केली. चॅनेलचं प्रथिन म्हणजे जवळपास दोन हजार अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्यात एकच जागा वेगळी होती, उदाहरणार्थ 858 व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन. तेवढ्याने तो चॅनेल 13-14 मिलिव्होल्ट आधीच उघडत होता आणि मिटायला जास्त वेळ घेत होता. नसेसाठी हा फरक प्रचंड आहे. ज्या उबेची आपण दखलही घेणार नाही, तिला ती नस चटका समजून ओरडते. अलाबामातल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हा त्रास होता. 2005 मध्ये त्यांच्यातला बदल वेगळ्या जागी सापडला. तिथे चॅनेल सात-आठ मिलिव्होल्टच आधी उघडत होता. तेवढंही नसेला सतत पेटती ठेवायला पुरलं.

यातलं मला सर्वात आवडणारं काम 2006 चं आहे. पाय दुखतात हे ठीक, पण ते लाल का होतात? रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या स्वयंचलित नसांमध्येही 1.7 असतो. मग तिथेही नस जास्त पेटायला हवी, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून पाय पांढरे पडायला हवेत. प्रत्यक्षात उलटं होतं. तोच बिघडलेला चॅनेल वेदनेच्या पेशीत घातला तर ती भडकते आणि स्वयंचलित नसेच्या पेशीत घातला तर ती थंडावते, असं येलच्या गटाला दिसलं. कारण 1.8. बिघडलेल्या 1.7 मुळे दोन्ही पेशींचा विश्रांतीचा व्होल्टेज वर सरकतो आणि त्या व्होल्टेजला बहुतेक सोडियम चॅनेल मिटून जातात. वेदनेच्या पेशीत 1.8 असतो, तो तशा परिस्थितीतही काम करत राहतो, म्हणून ती पेटते. स्वयंचलित पेशीत तो नसतो, म्हणून ती गप्प होते, रक्तवाहिन्यांवरची पकड सुटते आणि पाय लाल होतात. एकाच बदलाची दोन ठिकाणी दोन उलट फळं. जनुकाचा रिपोर्ट हातात आला म्हणजे रोग कळला असं समजणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा.

दार मिटायचं राहिलं तर काय होतं हे कोकणात वेगळ्या रूपात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं गेलंय. लाल विंचवाच्या विषातले काही घटक सोडियम चॅनेलला वेळेवर मिटू देत नाहीत. डंखाच्या जागी भयंकर कळ येतेच, पण जीव जातो तो स्वयंचलित नसांच्या वादळाने. हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं खेड्यातल्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपली, 1982 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून असंख्य माणसं वाचवली. प्राझोसिन चॅनेलला हातही लावत नाही, त्यापुढची साखळी तोडतं. मूळ दार दुरुस्त करता आलं नाही तरी माणूस वाचवता येतो, हे आपल्याकडेच सिद्ध झालंय.

मग गोळी का नाही? या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. 2006 मध्ये केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली मुलं 1.7 चॅनेल कामच करत नाही अशी जन्मली होती. त्यांना स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचं, गुदगुल्या कळायच्या, पण वेदना अजिबात नाही. हा शोध सुरू झाला तो रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका मुलामुळे. तो हातात सुरी खुपसून दाखवायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. संशोधक त्याला नीट तपासू शकण्याआधीच, चौदावा वाढदिवस यायच्या आत, घराच्या छतावरून उडी मारल्याने तो गेला. बाकीच्या मुलांच्या ओठांना, जिभेला लहानपणी चावून झालेल्या जखमा होत्या, हाडं मोडलेली होती. वेदना नको असं आपण सगळेच म्हणतो. ती नसेल तर काय होतं ते या मुलांकडे पाहून कळतं.

पण औषध कंपन्यांना त्यात वेगळीच गोष्ट दिसली. 1.7 नसला तरी हृदय, मेंदू, स्नायू नीट चालतात, जातो फक्त वास, तो तोटाही पुढे लक्षात आला. म्हणजे फक्त 1.7 बंद करणारी गोळी केली की झालं! बऱ्याच कंपन्यांनी त्यावर वर्षं घालवली. फायझरचा एक रेणू मधुमेहातल्या पायांच्या आगीवर तपासला गेला, पण पुरेसा परिणाम दिसला नाही. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. नऊ चॅनेल सख्खी भावंडं आहेत, एकाला धरायला गेलं तर दुसरा, आणि तो हृदयाचा असला तर जिवावर बेततं. शिवाय वेदना थांबायला 1.7 जवळजवळ पूर्ण बंद करावा लागतो असं दिसतंय, आणि तेही नसेचं टोक मणक्यात जिथे संपतं तिथपर्यंत. तिसरं कारण लंडनच्या जॉन वुड यांच्या गटाने 2015 मध्ये पुढे आणलं. जन्मतः 1.7 नसलेल्यांच्या शरीरात स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं जास्त तयार होतात. वेदना न जाणवणाऱ्या एका स्त्रीला त्यांनी नॅलोक्सोन हे अफूविरोधी औषध दिलं, तेव्हा तिला चटक्याची वेदना जाणवली. म्हणजे जन्मापासून नसणं आणि चाळिशीत गोळीने बंद करणं या दोन गोष्टी एक नाहीत.

यश आलं ते भावाकडून. 30 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेत सुझेट्रिजीन या औषधाला मान्यता मिळाली. ते फक्त 1.8 ला धरतं. अफूच्या वर्गातलं नसलेलं, पूर्णपणे नव्या तत्त्वावरचं वेदनाशामक कित्येक वर्षांनी आलंय आणि भूलतज्ज्ञ म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत ते बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं. पण हायड्रोकोडोन (अफूच्या वर्गातलं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मान्यताही फक्त तीव्र, थोड्या दिवसांच्या वेदनेला आहे. सायटिकाच्या जुनाट दुखण्यात तपासलं तेव्हा औषध घेणाऱ्यांची आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांची वेदना जवळपास सारखीच, दहापैकी दोनेक गुणांनी, कमी झाली. त्यामुळे कुणी 'पायांच्या आगीवर नवं क्रांतिकारी औषध आलंय, परदेशातून मागवा' असं सांगितलं तर लगेच पैसे मोजू नका.

वॅक्समन यांनी जुन्या औषधातूनही एक वाट काढली. कार्बामॅझेपीन, मिरगीची आणि चेहऱ्याच्या कळांची आपली नेहमीची गोळी, बहुतेक एरिथ्रोमेलाल्जियात चालत नाही. पण एका घराण्यातला बदल तिला प्रतिसाद देतो हे त्यांना माहीत होतं. चॅनेलची त्रिमिती रचना संगणकावर मांडून त्यांनी शोधलं की आणखी कोणता बदल त्याच कोपऱ्यात बसतो. तो बदल असलेल्या दोन रुग्णांना त्यांनी गोळी दिली. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, दोघांचीही वेदना कमी झाली होती. रुग्ण दोनच, हे खरं. पण औषध त्या माणसाच्या चॅनेलला अनुसरून आधीच निवडलं होतं, देऊन पाहून नाही.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण घरात याच मुद्द्यावर भांडणं होतात. आई आणि मुलगा, दोघांच्या 1.7 मध्ये एकच बदल, पण मुलाचे हाल आईपेक्षा कितीतरी जास्त. 2019 मध्ये येलच्या गटाने दोघांच्या रक्तपेशींपासून प्रयोगशाळेत वेदनेच्या नसा तयार केल्या. आईच्या नसा खरोखरच शांत होत्या. तिच्यात एका पोटॅशियम चॅनेलच्या जनुकात वेगळा बदल सापडला, तो नसेला आवरून धरत होता. 'तिलाही तेच आहे, ती बघ कसं सहन करते' हे वाक्य मी क्लिनिकमध्ये सतत ऐकतो. तिची नस वेगळी आहे, सहनशक्तीचा इथे संबंध असेलच असं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमची एनसीव्ही नॉर्मल आली याचं आश्चर्य वाटू देऊ नका. ती तपासणी जाड, वेगवान नसांची, म्हणजे सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावणाऱ्यांची आहे. आग आणि चटका वाहणाऱ्या बारीक नसा सेकंदाला मीटरभर जातात आणि त्या या यंत्राला दिसतच नाहीत. त्यांची चाचणी म्हणजे घोट्याच्या वरच्या त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले नसांचे तंतू मोजणं. सुईने थोडी भूल देऊन दहा मिनिटांत होतं. तंतू कमी निघाले तर त्याला स्मॉल फायबर न्यूरोपॅथी म्हणतात आणि 'मनाचं आहे' हा विषय तिथेच संपतो.

जनुकीय दोषाची शक्यता? नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या डॉक्टरांनी येलच्या गटाबरोबर 2012 मध्ये अशा, कारण न सापडलेल्या 28 रुग्णांची तपासणी केली. त्यातल्या आठ जणांच्या 1.7 मध्ये बदल होता. पुढे हजाराहून जास्त रुग्ण तपासले, 1.8 आणि 1.9 ची जनुकंही धरली, तेव्हा प्रमाण दहात एकाच्या आसपास आलं. म्हणून सरसकट प्रत्येकाने ही चाचणी करावी असं मी सांगत नाही. त्रास लहानपणी किंवा विशीच्या आत सुरू झाला, झटक्यात पाय डोळ्यांना दिसतील इतके लाल होतात, घरात आणखी कुणाला तसंच आहे, असं असेल तर जरूर करा. पण आधी जनुकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांशी बोला. कारण कित्येकदा रिपोर्टमध्ये 'अर्थ निश्चित नसलेला बदल' असं येतं आणि माणूस त्या एका ओळीने महिनोन्‌महिने झुरत बसतो.

त्याआधी साधी कारणं झाडून पुसून पाहायला हवीत. आपल्याकडे तीच जास्त सापडतात. उपाशीपोटीची साखर नॉर्मल असली तरी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी बिघडलेली असू शकते. बी-12 पाहा, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर. थायरॉइड पाहा. दारू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. टीबीच्या औषधांसोबत बी-6 घेतलं होतं का ते आठवा. कुष्ठरोग हा शब्द ऐकून दचकू नका, पण अंगावर बधिर चट्टा आहे का, कोपरामागची किंवा गुडघ्याखालची नस जाड लागते का हे हाताने तपासून घ्याच. लवकर सापडला तर औषधाने बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आणि साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. प्लेटलेट्स खूप वाढलेल्या असतील तर पाय अगदी याच तऱ्हेने लाल होऊन आग होते आणि तिथे कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने नाट्यमय फरक पडतो. असे रुग्ण आमच्याकडे भलत्याच गोळ्यांची पिशवी भरून येतात.

उपचारात सध्या हाताशी असलेली औषधं म्हणजे प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ठराविक जागेपुरता लिग्नोकेनचा पॅच, आणि काही निवडक रुग्णांत मेक्सिलेटिन. ही थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायची असतात. चार दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून दिली तर खरोखरच उपयोग होत नाही. वेदना पूर्ण जाणं क्वचित घडतं. निम्म्यावर आली, रात्रीची झोप परत आली, तर आम्ही त्याला चांगलं यश मानतो, आणि पहिल्याच भेटीत हे स्पष्ट बोलावं असा माझा आग्रह असतो.

पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवणं मात्र आजपासून बंद करा. त्या क्षणी स्वर्ग वाटतो हे मला माहीत आहे. पण तासन्‌तास भिजलेली कातडी पांढरी पडून सोलवटते, फटीतून जंतू शिरतात, आणि पाय पुन्हा ऊबदार होताना झटका अधिक जोरात येतो. मी अशा पायांवर हाडापर्यंत गेलेल्या जखमा पाहिल्यात. त्यापेक्षा पंख्याची झुळूक, पाच-दहा मिनिटं साध्या पाण्याचा ओला पंचा, रात्री पायांवर चादर टेकणार नाही अशी सोय. आणि वर सांगितलेली कार्बामॅझेपीन मेडिकलमधून स्वतःच आणून घेऊ नका. आपल्या लोकांतही काहींना तिच्यामुळे अंगभर फोड येऊन कातडी सुटण्याइतकी गंभीर ॲलर्जी होते, रक्तातलं सोडियमही घसरतं. ती द्यायची की नाही ते तपासणीनंतर ठरवू. येताना आधीचे सगळे कागद आणा, आणि झटका आलेला असताना पायांचा फोटो काढून ठेवा. ओपीडीच्या वेळेला पाय बहुतेकदा अगदी साधे दिसतात.